कॅप कोणत्या धातूची, हे कागदावर मागा

मागच्या अंकात कॅप (दातावर बसवायचं टोपण) आणि ब्रिज (गेलेल्या दातांच्या जागी शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेले दात) यांबद्दल लिहिलं. त्यावर पत्रं येतील ती दुखण्याबद्दल नाहीतर टिकाऊपणाबद्दल, असं वाटलं होतं. आली ती बहुतेक धातूबद्दल. माझी कॅप कशाची आहे, ती अंगाला बाधेल का, दाढेत भरलेली जुनी चांदी काढून टाकू का?

मी कृत्रिम दात बसवणारी दंतवैद्य आहे. शिकत असताना ओतकाम आम्हाला स्वतःच्या हातांनी करावं लागे. मेणाचा नमुना, साचा, भट्टी, वितळलेला धातू, आणि मग तासन्‌तास घासणं. त्यामुळे धातूचा विषय निघाला की मला रुग्णाच्या तोंडाआधी लॅब दिसते. उत्तरांमध्येही ते जाणवेल.

प्रश्न : खोट्या कानातल्यांनी माझे कान लहानपणापासून चिघळतात. घड्याळाचं बक्कल टेकतं तिथे मनगटावर पुरळ येतं. आता खालच्या दाढांच्या जागी ब्रिज बसवायचा आहे. डॉक्टर म्हणाले, “आतून धातू, वरून सिरॅमिक. काळजी करू नका.” धातू कोणता, असं विचारलं तर “चांगलाच असतो” एवढंच उत्तर मिळालं. मी उगीच घाबरतेय का?

अजिबात उगीच नाही. तुम्ही सांगितलेली लक्षणं निकेलच्या ॲलर्जीची अगदी नेहमीची लक्षणं आहेत. आणि “आतून धातू, वरून सिरॅमिक” या कॅपमधला धातू बहुतेक वेळा निकेल-क्रोमियम किंवा कोबाल्ट-क्रोमियम असतो. पूर्वी या कामासाठी मुख्यतः सोन्याचे मिश्रधातू वापरत. 1970च्या दशकात सोनं महागलं आणि निकेल-क्रोमियमने त्याची जागा घेतली. ते स्वस्त आहे, कडक आहे, पातळ ओतलं तरी वाकत नाही. पण त्यात निकेल साधारण 60 ते 80 टक्के असतं.

एवढं निकेल असूनही लाखो लोकांना या कॅपचा काही त्रास होत नाही. त्याचं कारण क्रोमियम. क्रोमियमचा ऑक्सिजनशी संयोग होऊन धातूवर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर तयार होतो. हा थर खालचा धातू लाळेत उतरू देत नाही, आणि कुठे ओरखडा पडला तर तिथे पुन्हा तयार होतो. क्रोमियम पुरेसं असेल, म्हणजे ढोबळमानाने 20 टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त, तर हे संरक्षण चांगलं राहतं. ते कमी असेल, कॅप बसवताना घासून खडबडीत केलेली आणि पुन्हा पॉलिश न केलेली असेल, किंवा ॲसिडिटीमुळे तोंडात वारंवार आंबट पाणी येत असेल, तर निकेल जास्त सुटतं. म्हणून निकेल-क्रोमियम सुरक्षित की असुरक्षित, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. त्या नावाखाली बरे-वाईट कितीतरी मिश्रधातू विकले जातात.

कान चिघळणाऱ्या सगळ्यांच्या तोंडात प्रतिक्रिया उमटतेच असंही नाही. लाळ सतत धुवत असते, आणि तोंडातल्या आवरणाला प्रतिक्रिया द्यायला त्वचेपेक्षा जास्त मात्रा लागते. पण तुमचा ब्रिज अजून बनायचा आहे. निवड हातात असताना, ॲलर्जीची शंका असलेल्या व्यक्तीच्या तोंडात निकेल ठेवण्याचं मला एकही कारण दिसत नाही.

आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट करून घ्या. पाठीवर चिकटपट्ट्या लावतात, 48 तासांनी काढतात, आणि आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. ही दुसरी तपासणी टाळू नका, उशिरा उमटणारी प्रतिक्रिया तेव्हाच दिसते. चाचणीत निकेलबरोबर कोबाल्ट, क्रोमियम आणि पॅलेडियमही घ्यायला सांगा. पॅलेडियम महत्त्वाचं आहे, कारण निकेलला प्रतिक्रिया देणाऱ्या बऱ्याच जणांची पॅलेडियमची चाचणीही सकारात्मक येते. “मौल्यवान धातूची कॅप” म्हणून जे देतात त्यात कधीकधी सोन्यापेक्षा पॅलेडियमच जास्त असतं. नुसतं “मौल्यवान” म्हटल्याने तुमचा प्रश्न सुटत नाही.

निकेलची ॲलर्जी निघाली तर तुमच्यासमोर जास्त सोन्याचा मिश्रधातू, टायटॅनियम आणि झिर्कोनिया (धातू नसलेलं, पांढरं कडक सिरॅमिक) हे पर्याय आहेत. कोबाल्टची चाचणी नकारात्मक आली तर निकेलविरहित कोबाल्ट-क्रोमियमही चालेल. मी तुमच्या जागी असते तर दाढेच्या ब्रिजसाठी आधी झिर्कोनियाचा विचार केला असता.

“चांगलाच असतो” हे उत्तर मात्र स्वीकारू नका. मिश्रधातूचं व्यापारी नाव, बनवणारी कंपनी आणि घटकांचे टक्के, हे तीन तपशील लेखी मागा. दंतधातूंसाठीच्या आयएसओ 22674 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार निकेल 0.1 टक्क्यापेक्षा जास्त असेल तर ते किती आहे हे सांगणं उत्पादकावर बंधनकारक आहे. म्हणजे माहिती लॅबमध्ये, पाकिटावरच आहे. ती तुमच्या डॉक्टरांनी मागवायची आहे एवढंच. मी माझ्याकडच्या प्रत्येक कॅपच्या नोंदीत पाकिटावरचं लेबल चिकटवून ठेवते. दहा वर्षांनी त्या रुग्णाला पुरळ आलं तर अंदाज बांधत बसावं लागत नाही.

आणखी एक. ब्रिज बसवल्यावर कडेची हिरडी लाल झाली तर लगेच ॲलर्जी समजू नका. कॅपची कड नीट बसलेली नसणं आणि तिथे साचलेला थर, हीच कारणं बहुतेक वेळा सापडतात. ती तपासून झाली, साफसफाई झाली, तरी लाली राहिली किंवा हातांवर, पापण्यांवर नवीन इसब आलं, तर मग धातूकडे वळा.

प्रश्न : माझ्या पाच-सहा दाढांमध्ये चांदी भरलेली आहे. वीस-पंचवीस वर्षं झाली असतील. पाऱ्यावर जगभर बंदी येतेय असं वाचलं. मुलगी म्हणते, सगळी काढून टाका आणि शरीर डिटॉक्स करून घ्या. मला त्रास काहीच नाही.

काढू नका. डिटॉक्स तर मुळीच नको.

आपण जिला चांदी म्हणतो त्या अमाल्गममध्ये वजनाने जवळजवळ निम्मा पारा असतो. उरलेल्यात चांदी, कथील आणि तांबं. पारा या धातूंशी संयोग पावून घट्ट होतो. पण अगदी थोडी वाफ वर्षानुवर्षं सुटत राहते, चावताना थोडी जास्त. दात खाणाऱ्यांमध्ये आणि सतत निकोटिनचं च्युइंगम चघळणाऱ्यांमध्ये ती आणखी वाढते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा अंदाज असा की सात ते दहा भरणं असलेल्या माणसाच्या शरीरात यातून दिवसाला 1 ते 5 मायक्रोग्रॅम पारा जातो. तेव्हा “अमाल्गममधून काहीच सुटत नाही” असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. प्रश्न आहे तो एवढ्या पाऱ्याने नुकसान होतं का, हा.

हा वाद आजचा नाही. 1840च्या दशकात अमेरिकेतल्या पहिल्या दंतवैद्यक संघटनेने सभासदांकडून अमाल्गम न वापरण्याची शपथ लिहून घेतली होती. त्या भांडणातच ती संघटना 1856मध्ये मोडली. 1926मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड श्टोक यांनी पाऱ्याच्या वाफेविरुद्ध लिहिलं. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पारा हाताळून त्यांना स्वतःला विषबाधा झालेली होती. पुढे 1960च्या दशकात तांब्याचं प्रमाण वाढवलेलं अमाल्गम आलं. जुन्या अमाल्गममधला सर्वांत कमकुवत, लवकर गंजणारा कथील-पाऱ्याचा संयुग त्यात जवळजवळ राहत नाही.

मुलांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष 2006मध्ये आले, एक अमेरिकेतली आणि एक लिस्बनमधली. दोन्हींत पाचशेवर मुलं होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले होते, एका गटाला अमाल्गम आणि दुसऱ्याला दाताच्या रंगाचं भरण. पाच ते सात वर्षं पाठपुरावा केल्यावर बुद्ध्यांक, स्मरणशक्ती आणि चेतासंस्थेच्या चाचण्यांत दोन्ही गटांत अर्थपूर्ण फरक सापडला नाही. अमाल्गमच्या गटाच्या लघवीत पारा थोडा जास्त होता, आणि हेही सांगायलाच हवं.

मग बंदी कशासाठी? मुख्यतः पर्यावरणासाठी. दवाखान्याच्या सिंकमधून सांडपाण्यात आणि दहनातून हवेत गेलेला पारा शेवटी पाण्यात पोचतो. तिथे जिवाणू त्याचा मिथिलमर्क्युरी करतात, आणि तो माशांमध्ये साठत जातो. जपानमधल्या मिनामाटात लोकांना जी मोठी विषबाधा झाली ती कारखान्याच्या सांडपाण्यातल्या याच मिथिलमर्क्युरीने. त्या गावाचं नाव दिलेला पाऱ्याविषयीचा करार 2013मध्ये झाला आणि 2017मध्ये लागू झाला. 2022मध्ये त्यात दुरुस्ती झाली : दुधाचे दात, पंधरा वर्षांखालची मुलं, गर्भवती आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रिया यांच्यात, डॉक्टरांना अगदी आवश्यक वाटल्याशिवाय, अमाल्गम वापरू नये. नॉर्वेने 2008मध्ये आणि स्वीडनने 2009मध्येच ते बंद केलं. युरोपीय संघाने 1 जानेवारी 2025पासून थांबवलं. 2025च्या अखेरीस जिनिव्हात सदस्य देशांनी 2034पर्यंत अमाल्गम संपवायचं ठरवलं.

या बंदीच्या बाजूने मी मनापासून आहे. पण तिचा अर्थ “नवीन भरू नका” असा आहे, “जुनं उकरून काढा” असा नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2020मध्ये जोखमीच्या गटांना अमाल्गम टाळायला सांगितलं, आणि त्याच सूचनेत सुस्थितीतली भरणं काढू नका असंही सांगितलं. वाफ सर्वांत जास्त सुटते ती भरण खोदून काढताना. शिवाय प्रत्येक वेळी दाताचा थोडा निरोगी भागही जातो. धडधाकट दाढा एकदम पोखरल्या तर त्यातल्या एक-दोन रूट कॅनलला जाणं नवल नाही.

भरण तडकलं, कडेने कीड लागली, तर जरूर बदला. आणखी एक खरं कारण आहे. माझ्या एका रुग्णाच्या गालाच्या आत पांढऱ्या रेषांची जाळी उमटली होती, नेमकी दाढेतल्या चांदीला गाल टेकतो तिथे. ते भरण बदलल्यावर काही आठवड्यांत जाळी विरली. अशी स्पर्शाच्या जागी उमटणारी प्रतिक्रिया असेल तर काढणंच योग्य. काढताना रबर डॅम (दाताभोवती ताणून बसवायचा रबराचा पडदा), भरपूर पाण्याचा फवारा आणि जोरदार सक्शन हवं, आणि भुगा न करता भरण तुकड्यांनी काढायला हवं. गर्भवतींनी निकड नसेल तर हे काम पुढे ढकलावं.

डिटॉक्सबद्दल माझं मत कडक आहे. धातू खेचून काढणारी औषधं खऱ्या विषबाधेसाठी आहेत. ती शरीराला लागणारी खनिजंही ओढून नेतात, आणि चुकीच्या वापराने जीव गेल्याची उदाहरणं आहेत. आधी असं औषध देऊन मग लघवी तपासायची आणि “बघा, किती पारा निघाला” असं दाखवायचं, हा प्रकार दिशाभूल करणारा आहे. ते औषध घेतल्यावर कुणाच्याही लघवीत पारा वाढलेला दिसतो.

प्रश्न : वरच्या दाढेला सोन्याची कॅप बसवली. खालच्या दाढेत जुनी चांदी आहे. दोन्ही टेकल्या की झिणझिणी येते आणि तोंडाला धातूची चव येते. हे विषारी आहे का?

दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट लाळ, एवढ्यावर छोटा विद्युतघट तयार होतो. प्रवाह क्षीण असतो, पण दाताच्या नसेला जाणवतो. फिलिंगवर चुकून चॉकलेटचा चंदेरी कागद चावला गेला की हाच झटका बसतो. यात झिजतं ते अमाल्गम, सोनं नाही. बहुतेकांना काही दिवसांत हे जाणवेनासं होतं, कारण धातूंच्या पृष्ठभागावर थर चढतो. महिनाभराने तसंच राहिलं तर खालच्या दाढेतली चांदी बदलून दाताच्या रंगाचं भरण घ्या. तुमच्या बाबतीत तेवढं कारण पुरेसं आहे. त्याआधी कॅप उंच तर लागत नाही ना, हे मात्र तपासून घ्या.

प्रश्न : एमआरआय करायचा आहे, तोंडात तीन कॅप आहेत. काढाव्या लागतील का?

नाही. पक्क्या बसवलेल्या कॅप आणि इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवलेलं कृत्रिम मूळ) यांच्यामुळे एमआरआय सहसा अडत नाही, डोक्याच्या चित्रात जबड्याजवळ काळा डाग तेवढा येऊ शकतो. काढता-घालता येणारी धातूची कवळी काढून ठेवा. कवळी चुंबकावर बसणारी असेल तर ते तंत्रज्ञांना आधीच सांगा, कारण हिरडीतला भागही तपासावा लागतो.

प्रश्न : मी दातांच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर कॅप आणि कवळीचे सांगाडे घासतो. संध्याकाळी नाक शिंकरलं की काळं येतं. बरेच महिने कोरडा खोकला आहे. तुम्ही सगळे पेशंटच्या सुरक्षिततेबद्दल बोलता. आमचं काय?

या अंकातलं सर्वांत महत्त्वाचं पत्र हेच आहे. तोंडात बसलेला घट्ट धातू आणि हवेत उडणारी त्याच धातूची धूळ, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. धातू अंगावर वागवणाऱ्याचा धोका कमी, तो घासणाऱ्याचा कितीतरी जास्त.

तुम्ही या आठवड्यातच छातीच्या डॉक्टरांकडे जा. “खोकला आहे” एवढंच सांगू नका. लॅबमध्ये जे-जे मिश्रधातू आणि साच्याच्या पावडरी वापरता त्यांची नावं लिहून न्या. किती वर्षं हे काम करताय आणि धूळ ओढणारा पंखा आहे का, तेही सांगा. कामाची माहिती मिळाली नाही तर हे आजार दमा नाहीतर साधी ॲलर्जी समजून सोडून दिले जातात.

मला सर्वांत जास्त काळजी बेरिलियमची वाटते. काही निकेल-क्रोमियम मिश्रधातूंमध्ये ते 2 टक्क्यांपर्यंत घालत, कारण त्याने धातू लवकर वितळतो, साच्यात छान उतरतो आणि सिरॅमिक पक्कं धरतं. 2 टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण बेरिलियमचा अणू इतका हलका आहे की अणूंच्या संख्येत मोजलं तर ते जवळजवळ दर दहा अणूंत एक भरतं. त्याच्या धुळीने काही जणांच्या फुप्फुसात गाठी होतात आणि ऊती निबर होत जाते. हा आजार संपर्क सुटल्यावर वर्षांनीही उद्भवू शकतो आणि सारकॉइडोसिस (फुप्फुसात तशाच गाठी होणारा दुसरा आजार) म्हणून चुकीचा ओळखला जातो. त्याची शंका असेल तर रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी बेरिलियमला प्रतिसाद देतात का, ही खास चाचणी असते. डॉक्टरांकडे तिचं नाव काढा. आयएसओच्या मानकात बेरिलियमची मर्यादा 0.02 टक्के आहे, म्हणजे ते मुद्दाम घालायचंच नाही.

त्यानंतर कोबाल्ट. कवळीच्या सांगाड्यात ते साधारण 60 टक्के असतं. युरोपीय संघाने 2021पासून कोबाल्ट धातूला कर्करोगकारक पदार्थांच्या वर्गात टाकलं, ते मुख्यतः श्वासातून जाणाऱ्या धुळीमुळे. आणि साच्याची पावडर विसरू नका. तिच्यात क्वार्ट्‌झ आणि क्रिस्टोबलाइट, म्हणजे सिलिका असते. कास्टिंगनंतर साचा कोरडा फोडता तेव्हा उडणारी पांढरी धूळ सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार करू शकते. साचा थंड झाल्यावर पाण्यात भिजवून मगच फोडा.

मालकांकडे मागायच्या गोष्टी अशा. घासण्याच्या जागीच, हाताजवळ, धूळ ओढणारं तोंड हवं. खोलीतला पंखा धूळ फक्त फिरवतो. सँडब्लास्टिंग बंद पेटीतच व्हावं. टेबल हवेच्या पाइपने फुंकून साफ करणं आजच बंद करा, ओल्या फडक्याने पुसा. कापडी किंवा सर्जिकल मास्क या धुळीला पुरत नाही. निदान एन-95 हवा, तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा. कामाचे कपडे घरी नेऊ नका, घरात लहान मुलं असतील तर मुळीच नाही.

आणखी एक गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली माहीत असेल. कास्टिंगनंतर उरलेला धातूचा गोळा पुन्हा वितळवतात. एकाच मिश्रधातूचा, ओळख पटलेला गोळा निम्म्याहून अधिक नव्या धातूबरोबर घेणं वेगळं, आणि डब्यात साठलेले अनोळखी गोळे एकत्र वितळवणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात बंद झालेलं जुनं बेरिलियमही भट्टीत परत येतं. त्याची वाफ आणि धूळ तुम्ही घेता, आणि कमी क्रोमियमचा, जास्त गंजणारा धातू रुग्णाच्या तोंडात जातो.

म्हणून दंतवैद्यांना माझी विनंती आहे : लॅबच्या चिठ्ठीवर “मेटल सिरॅमिक” एवढंच लिहून थांबू नका. मिश्रधातूचं नाव लिहा, “बेरिलियम नको” असं लिहा, लेबल परत मागा. पहिल्या पत्रातल्या बाईंनी धातूचं नाव विचारलं, ते डॉक्टरांनी लॅबला विचारलं, तर कुणालातरी पाकीट उलटून वाचावंच लागेल. त्या एका प्रश्नाने त्यांचं तोंड आणि तुमची फुप्फुसं, दोन्हींची राखण होते.

प्रश्न : इम्प्लांट टायटॅनियमचा घ्यावा की “मेटल-फ्री” झिर्कोनियाचा?

टायटॅनियमचा अनुभव खूप मोठा आहे. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क या संशोधकांनी 1950च्या दशकात सशाच्या हाडात तो हाडाशी एकजीव होताना पाहिला, आणि 1965मध्ये पहिल्या माणसाला असे इम्प्लांट बसवले. त्याची खरी ॲलर्जी अगदी विरळ. झिर्कोनियाही चांगला आहे, पण एकसंध तुकड्यात आला तर नंतर कोन बदलता येत नाही, आणि दीर्घकालीन अनुभव कमी आहे. खास कारण नसेल तर मी टायटॅनियम सुचवते. तुम्ही धूम्रपान करत असाल तर इम्प्लांटच्या आयुष्यासाठी तो मुद्दा धातूच्या निवडीपेक्षा मोठा आहे.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलाच्या दुधाच्या दाढेवर स्टीलची कॅप बसवायची आहे. त्यात निकेल असतं म्हणे. बसवू का?

बसवा. स्टेनलेस स्टीलमध्ये निकेल साधारण 9 ते 12 टक्के आणि क्रोमियम 17 ते 19 टक्के असतं, बाकी मुख्यतः लोखंड. निकेल-क्रोमियमच्या कॅपपेक्षा हे निकेल कितीतरी कमी आहे, आणि क्रोमियमचा थर त्याला धरून ठेवतो. मोठी कीड लागलेल्या दुधाच्या दाढेसाठी ही कॅप सर्वांत टिकाऊ उपायांपैकी एक आहे, आणि दाढ पडेल तेव्हा ती बरोबरच जाईल. मुलाला निकेलची ॲलर्जी असल्याचं आधीच ठाऊक असेल तर मात्र झिर्कोनियाची कॅप मागा. बसवलेली कॅप हलायला लागली तर वाट न पाहता दाखवा. ती झोपेत निसटून श्वासनलिकेत जाण्याची भीती तिच्यातल्या निकेलपेक्षा जास्त खरी आहे.